जुन्या गाडीचे नित्यकर्म

दादरच्या किंवा गिरगावच्या एखाद्या कुटुंबाकडे पंधरा-सोळा वर्षांची सेडान असते. विकायला काढली तर तिचे लाखभर रुपयेही येतील की नाही, शंका असते. वर्षातून एकदा तिचे सर्व्हिसिंग करायचे: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कुलंट, ब्रेकची साफसफाई. ओळखीच्या गॅरेजात पाच-सात हजारांत भागते, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याहून बरेच अधिक लागतात. आणि क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश किंवा टायर निघाले की आकडा दुप्पट-चौपट होतो. पैसे मोजल्यावर गाडी परत येते ती गेली होती तशीच. तिचा वेग वाढलेला नसतो, रंग उजळलेला नसतो, बाजारभाव तर हललेलाही नसतो. या खर्चाच्या वेळी मनाची जी चरफड होते ती निव्वळ पैशांसाठी नसावी. नवी गाडी घेताना याच्या शंभरपट रक्कम माणूस हौसेने देतो, वर पेढे वाटतो. चरफड होते ती फळ दिसत नाही म्हणून. आणि ज्याचे फळ दिसत नाही ते काम का करावे, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे, फार कसून लढवला गेलेला आहे.

जैमिनीच्या सूत्रांवर उभ्या राहिलेल्या पूर्वमीमांसेत कर्मांचे भेद सांगितले आहेत. स्वर्ग, संतती, पाऊस असे काही हवे म्हणून करायचे ते काम्य. ग्रहण लागले, घरात मूल जन्मले, असा प्रसंग आला म्हणून करायचे ते नैमित्तिक. आणि सकाळ-संध्याकाळच्या अग्निहोत्रासारखी जी कर्मे माणूस जिवंत आहे आणि वेळ झाली आहे एवढ्याच कारणाने करायची, ती नित्य. काम्य कर्म केले नाही तर हवे ते मिळत नाही, इतकेच. बाकी काही बिघडत नाही. नित्य कर्माचे उलटे आहे. ते केल्याने वेगळे काही हाती लागत नाही असे मानणारा मोठा पक्ष मीमांसकांत होता. पण ते चुकवले तर दोष लागतो, आणि त्या दोषाला प्रत्यवाय म्हणतात. हे शास्त्र आज रुक्ष वाटते, तरी या शहराला ते परके नाही. धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिणारे आणि १९६३ साली भारतरत्न झालेले पां. वा. काणे गिरगावच्या आंग्रेवाडीत राहत, आणि त्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात त्यांनी मीमांसेला ऐसपैस जागा दिली आहे. माझे म्हणणे असे की, जुन्या गाडीची देखभाल ही नित्य कर्माच्या जातीची गोष्ट आहे. आपण तिचा हिशेब काम्य कर्मासारखा मांडतो, म्हणून तो कधीच जुळत नाही. नित्य म्हणून तिच्याकडे पाहिले, तर ती का करायची हे कळतेच, शिवाय किती करायची, कोणत्या क्रमाने करायची आणि कधी थांबायचे याचीही वाट सापडते.

पहिला पुरावा गाडीच्या पोटातलाच आहे. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या गाडीच्या मालकाचे ठरलेले वाक्य असते, की गाडी फारशी फिरतच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला? गिरगाव ते दादर हे अंतर सात-आठ किलोमीटरांचे. रविवारी नातेवाइकांकडे, कधी दवाखान्यात, कधी एखाद्या लग्नाला. वर्षाचे दोन-तीन हजार किलोमीटरही होत नाहीत. पण हाच वापर इंजिनला सर्वांत जाचक असतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन नीट तापले तर ती वाफ बाहेर निघून जाते. तापण्याआधीच प्रवास संपला तर तीच वाफ सायलेन्सरमध्ये थिजते आणि तो आतून कुजतो. थोडे पाणी, थोडे न जळलेले पेट्रोल ऑइलमध्येही उतरते. ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्ये घातलेली असतात, ती अशाने संपत जातात, आणि गाडी उभी असली तरी ऑइल जुने होत राहते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटरचा आकडा असतो तसा महिन्यांचाही असतो, आणि यांतले जे आधी येईल ते पाळायचे असते. टायरचे रबर उन्हातान्हात उभ्या-उभ्या कडक होते. टायमिंग बेल्टला वय असते. तो चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात आणि काही हजारांचे काम पन्नास हजारांवर जाते. चौपाटीवरून येणारा खारा वारा दारांच्या खालच्या कडा आणि बॅटरीखालचा पत्रा खातो. हिंदमाताला तुंबलेल्या पावसाच्या पाण्यातून गाडी एकदा काढावी लागली तरी चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरू शकते. मीमांसकांनी नित्य कर्माचे निमित्त म्हणून ‘जीवन’ सांगितले. अग्निहोत्र जिवंत असेपर्यंत करायचे, त्या दिवशी इच्छा आहे की नाही याला महत्त्व नाही. गाडीच्या बाबतीतही निमित्त आहे ते तिच्या असण्याचे. ती दाराशी उभी आहे एवढ्यानेच देणे सुरू होते.

ब्रेक ऑइलवर थोडे थांबायला हवे, कारण सगळा प्रश्न त्या पाव-अर्ध्या लिटर द्रवात नेमका दिसतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि मुंबईचा पावसाळा म्हणजे चार महिने ओलाव्यातच. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये अशी अट असते; पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच अट १४० अंशांवर येते. डॉट-४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५ आहेत. शहरातल्या मुंगीच्या चालीच्या वाहतुकीत हा फरक कधीच जाणवत नाही. लालबाग-परळचे कुटुंब भाद्रपदात गणपतीसाठी कोकणात निघते, गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, वरून पाऊस, आणि परशुराम घाटाच्या उतारावर वारंवार ब्रेक दाबावा लागतो, तेव्हा तो जाणवतो. ऑइल उकळले तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल पाय देताच खाली जाते. म्हणून बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांतून एकदा हे ऑइल बदलायला सांगतात; त्या कामाला हजार-दीड हजारांहून फारसे अधिक लागत नाहीत. ते बदलले तर काय घडेल? काहीही घडणार नाही. घाट उतरेल, गाव येईल, आरती होईल, आणि कुणाला त्या ऑइलची आठवणही राहणार नाही. एखादे कर्म पुरतेपणी यशस्वी व्हावे आणि यशाची एकही खूण उरू नये, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो साध्या माणसाचा नाही, शंकराचार्यांचा आहे. नित्य कर्म न केल्याने दोष निर्माण होतो, हे मीमांसकांचे म्हणणे त्यांनी तैत्तिरीयोपनिषदावरील भाष्यात आणि गीताभाष्यात खोडले. न करणे हा अभाव आहे. अभावातून भाव कसा निपजेल? जे घडलेच नाही ते दुसरे काही घडवणार कसे? तर्क बिनतोड आहे, आणि आळशी मालकाच्या सोयीचाही: मी तर काहीच केले नाही, मग गाडी बिघडली यात माझा दोष कोणता? आचार्यांनी स्वतः मार्ग काढला तो असा, की नित्य कर्म न घडणे हे आधीच साठलेल्या दुरिताचे लक्षण आहे. फळ त्या साठ्याचे, न करण्याचे नव्हे. मला हे उत्तर गाडीच्या संदर्भात विलक्षण अचूक वाटते. ऑइल न बदलणे इंजिन खात नाही. इंजिन खातात ते उष्णता, घर्षण, आम्ल आणि पाणी, आणि ते तर पहिल्या दिवसापासून कामाला लागलेले असतात. देखभाल चुकते तेव्हा नवे काही जन्मत नाही. जे साठत होते त्याला आवर घालणारा हात तेवढा निघून जातो. कारणाच्या बाबतीत आचार्य बरोबर आहेत. पण दोषाच्या बाबतीत मीमांसक बरोबर आहेत, कारण ‘मी काहीच केले नाही’ हे मालकाचे वाक्य मुळात खरे नसते. त्याने गाडी चालवली. ब्रेक ऑइल न बदलता त्याने पाच माणसांना घाटात नेले, आणि नेणे ही क्रिया आहे. वापर चालू ठेवून देखभाल थांबवणे याला अकर्म म्हणता येत नाही. ते अर्धे टाकलेले कर्म आहे, आणि उरलेले अर्धे रस्त्यावर धावत असते.

हे केवळ गाड्यांपुरते असते तर एवढ्या चर्चेचे कारण नव्हते. पण ज्या गल्ल्यांत या गाड्या उभ्या असतात त्या गल्ल्याच न केलेल्या देखभालीचा इतिहास आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींची भाडी १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूला संरक्षण मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते; मात्र त्या भाड्यात डागडुजी परवडत नाही म्हणून मालकांनी हात काढून घेतला. प्लास्टर, गच्चीची गळती, जिन्याच्या तुळया, पाण्याचे नळ, यांतली एकेक गोष्ट त्या-त्या वर्षी क्षुल्लकच होती. १९६९ साली कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि रहिवाशांकडून त्यासाठी उपकर घेतला जाऊ लागला. ‘सेस बिल्डिंग’ हा शब्द तेव्हापासून इथल्या बोलण्यात आला. आजही दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तेहतीस माणसे गेली. अशा कुठल्याही इमारतीला एका दिवसात कुणी मोडलेले नव्हते. १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली: आधीच्या तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्तीच पुरेशी आहे असे ठरवले गेले होते. म्हणजे कागदोपत्री नित्य कर्म झालेले होते. सर्व्हिस बुकात शिक्का आहे आणि फिल्टर जुनाच आहे, पीयूसीचे प्रमाणपत्र काचेवर आहे आणि धूर काळा आहे, ही त्याच जातीची गोष्ट. कर्माच्या नोंदीने प्रत्यवाय टळत नाही.

आता जो आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो तो. नित्य कर्माची ही सगळी मांडणी ज्या शास्त्रातून आली त्याने बहुसंख्य माणसांना कर्माच्या अधिकाराबाहेर ठेवले होते. बादरी नावाच्या आचार्यांनी चारही वर्णांना अधिकार आहे असे मत दिले होते. जैमिनींनी त्याची नोंद घेतली आणि ते नाकारले. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिले, पुढे दादरला राजगृहात गेले, आणि चैत्यभूमीही दादरलाच आहे. अशा ठिकाणी मीमांसेचा हवाला देताना हे लपवणे अप्रामाणिक होईल. मी त्या शास्त्रातून अधिकाराची कल्पना घेत नाही, फक्त कर्तव्याची तर्कपद्धती घेतो. आणि ती त्याच्याच विरुद्ध फिरवतो, कारण गाडीच्या देखभालीचे देणे जन्माने येत नाही, वापराने येते. शिवाय हाच विचार बुद्धाकडे अधिक मोकळ्या रूपात सापडतो. परिनिर्वाणापूर्वी भिक्षूंना दिलेल्या अखेरच्या उपदेशात त्याने जोडलेल्या सगळ्या गोष्टींचा नाशधर्म सांगितला आणि लगेच अप्रमादाने, म्हणजे गाफील न राहता, वागण्यास सांगितले. या दोन गोष्टींचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. सगळे झिजते, म्हणून सोडून द्या, असे तो म्हणाला नाही. सगळे झिजते, म्हणून जागे राहा. तिथला अप्रमाद अर्थातच आपल्या मुक्तीच्या साधनेविषयी आहे, बॉल जॉइंटविषयी नाही. पण जो माणूस झीज पाहूनही न पाहिल्यासारखे करतो, त्याची ती सवय गॅरेजपुरती मर्यादित राहत नाही.

बौद्ध परंपरेतूनच दुसरी एक हरकत निघते. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला केला की ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव उरते. मग पंधरा वर्षांत जिचा क्लच, रेडिएटर, शॉक अॅब्सॉर्बर, बॅटरी, चारही टायर आणि अर्धा पत्रा बदलला, ती ‘आपली गाडी’ उरलीच कुठे? आपण जपतो आहोत ते एक नाव, एक आसक्ती. मुंबईने हा प्रश्न डोळ्यांदेखत पाहिला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेली ती गाडी आधी घराघरांतली कौटुंबिक सेडान होती आणि टॅक्सी म्हणून तर ती शहराचा चेहरा झाली. १०८९ सीसीचे साधे इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. रस्त्याच्या कडेला बसून कुणीही कुशल मेस्त्री ती खोलून परत जोडू शके. तारदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. तोवर त्या टॅक्सींत मूळचे फारसे काही उरले नसणार. पण नागसेनाचा युक्तिवाद देखभालीच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. देणे गाडीचे असते तर ती तीच आहे का, हा प्रश्न अडचणीचा ठरला असता. देणे आहे ते तिच्यात बसणाऱ्यांचे आणि तिच्यापुढून रस्ता ओलांडणाऱ्यांचे. परळच्या केईएम किंवा टाटा रुग्णालयासमोर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही गाडी मूळची आहे की भागाभागाने बदललेली, याला काडीचाही अर्थ नाही. तिचा ब्रेक लागतो की नाही, याला आहे.

मग खर्चाचा प्रश्न. वर्षाला जितके घालायचे तितकी गाडीची किंमतच नाही, मग हा व्यवहार शहाणपणाचा कसा? यात एक चूक आहे आणि एक खरी अडचण. चूक ही, की सर्व्हिसिंगचा खर्च गाडीच्या विक्रीमूल्याशी ताडला जातो. विक्रीमूल्य हे न विकल्यास मिळणारच नसते. ताडायचेच तर पर्यायी प्रवासाशी किंवा नव्या गाडीच्या हप्त्याशी ताडावे, आणि तिथे जुनी गाडी पुष्कळदा स्वस्त पडते. खरी अडचण ही, की निवृत्त माणसाच्या मिळकतीत सगळी कामे एकदम होत नाहीत. इथे मीमांसेने दिलेला भेद फार उपयोगी आहे. सहाव्या अध्यायात जैमिनी सांगतात, की काम्य कर्म करायचे तर सर्व अंगांसह पुरते करावे, नाही तर फळ नाही; नित्य कर्म मात्र शक्तीनुसार करावे, एखादे अंग राहिले तरी चालते, मुख्य कर्म टाकू नये. हा माणसाच्या ऐपतीची कदर करणारा नियम आहे, आणि तो तडजोडीला सीमाही घालतो. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे, दिवे, वायपर ही मुख्य कर्मे. दारावरचा पोचा, कोमेजलेला रंग, फाटलेले सीट कव्हर, एसीचा बारीक आवाज ही अंगे. पैसे कमी असतील तर पोचा तसाच राहू द्यावा, त्यात लाज नाही. व्यवहारात मात्र याच्या उलट होते: दिवाळीआधी पॉलिश होते, नवा म्युझिक प्लेअर बसतो, आणि टायर ‘अजून एक पावसाळा काढतील’ म्हणून राहून जातात. जे डोळ्यांना दिसते त्यावर पैसे जातात, कारण मनाला काम्य फळाची चटक असते.

दसऱ्याच्या पूजेविषयीही इथेच बोलायला हवे. गिरगाव-दादरमध्ये त्या दिवशी गाड्या धुतल्या जातात, झेंडूचे हार चढतात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ज्या साधनावर आपला जीव आपण सोपवतो त्याच्यासमोर वर्षातून एकदा हात जोडावेत, यात मला सुंदर आणि शहाणे असे काही दिसते. पण ती पूजा नैमित्तिक आहे, आणि नैमित्तिकाने नित्याची भरपाई होते असे कुठल्याही शास्त्रकाराने म्हटलेले माझ्या वाचनात नाही. हार घातलेल्या गाडीचे ब्रेक पॅड संपलेले असतील, तर ती श्रद्धा अर्ध्यावर थांबलेली आहे.

जुन्या गाडीचे सुटे भाग मिळेनासे होतात, हे आणखी एक दुखणे. कंपनीने भाग बनवणे थांबवले की मालक ऑपेरा हाऊसच्या आसपासची दुकाने पालथी घालतो, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांतून काढलेले भाग शोधतो, कधी चोर बाजारातही जातो. जैमिनींच्या त्याच सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा, म्हणजे पर्यायी द्रव्याचा, विचार आहे. सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर कर्म सोडू नये, त्याच्याशी जास्तीत जास्त मिळतेजुळते घ्यावे. तांदूळ नसतील तर नीवार, म्हणजे रानचे भात, चालते. पण जे यज्ञाला निषिद्ध ठरवले आहे ते कितीही सारखे दिसत असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. मुगाच्या जागी उडीद घालता येत नाही. दाराची मूठ, आरशाची काच, बंपर, दिव्याचे कवच हे जुन्या गाडीतून काढलेले असले तरी काम भागते. नकली डब्यातले ब्रेक पॅड, पुन्हा रबर चढवलेले टायर, वापरून झालेला टायमिंग बेल्ट ही मात्र निषिद्ध द्रव्ये मानावीत. साम्य पुरेसे नाही, वस्तू त्या कामाला पात्र असली पाहिजे. आणि हे काम करून देणारा मेस्त्री? यज्ञात ऋत्विजांना दक्षिणा देऊन कर्मासाठी घेतलेले असते, म्हणून फळ यजमानाचे असते असे मीमांसा म्हणते. फळ ज्याचे, जबाबदारीही त्याची. काम कुणाकडूनही करून घेतले तरी काय बदलले हे विचारणे, जुना भाग पाहणे, आणि ज्याच्या हातावर आपल्या घरच्यांचा जीव आहे त्याच्या मजुरीत घासाघीस न करणे, एवढे यजमानाकडे उरतेच.

शेवटी हवेचा आक्षेप, आणि त्याला पळवाट नाही. जुनी गाडी जास्त धूर सोडते. मुंबईतली बहुसंख्य माणसे लोकलने आणि बेस्टने जातात, त्यांच्या फुप्फुसांवर काहींनी आपली गाडी का चालवत ठेवावी? नीट राखलेले इंजिन न राखलेल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ जळते हे खरे, नवी गाडी बनवतानाही प्रदूषण होतेच हेही खरे. पण तेवढ्याने आक्षेप मिटत नाही. सरकारने पंधरा वर्षांवरील खासगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये केले, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हे मला अन्याय्य वाटत नाही. वापराचे देणे जसे प्रवाशांचे आणि पादचाऱ्यांचे, तसे श्वास घेणाऱ्यांचेही आहे. ज्या दिवशी सर्व मुख्य कर्मे प्रामाणिकपणे करूनही धूर मर्यादेत राहत नाही, किंवा गंज सस्पेन्शनच्या आधारापर्यंत, सांगाड्यापर्यंत पोचतो, त्या दिवशी गाडी ठेवणेच चूक ठरते. अग्निहोत्रालाही शेवट सांगितलेला होता. ते म्हातारपणाने किंवा मृत्यूनेच सुटते असे ब्राह्मणग्रंथात आहे. सुटण्याचा तो क्षण कंटाळ्याने ठरत नाही, असमर्थतेने ठरतो, आणि सोडण्याचीही रीत असते. विनयपिटकात उदेन राजा बुद्धाच्या शिष्याला, आनंदाला, विचारतो, की मिळालेल्या एवढ्या चीवरांचे, म्हणजे वस्त्रांचे, भिक्षू करतात काय. आनंद सांगतो: जुन्या चीवरांची पांघरुणे होतात, जुन्या पांघरुणांची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची झाडणी, आणि अखेर चिंध्या मातीत कालवून लिंपायला वापरतात. जुनी सेडान ओळखीच्या भंगारवाल्याला रोख पैशांत देऊन टाकली की तिचे ऑइल गटारात जाते, बॅटरीतले शिसे उघड्यावर पडते, आणि तिच्या क्रमांकाची पाटी कुठल्या गाडीवर चढेल याचा भरवसा नसतो. म्हणून तिला नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावे, ऑइल, गॅस आणि बॅटरी तिथे वेगळी काढली जातात. गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र घ्यावे, आणि ती तारदेवला नोंदलेली गाडी असेल तर तारदेवच्या आरटीओतून नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा. तो कागद येईपर्यंत गाडी मालकाचीच आहे, आणि तिच्यामुळे कुणाला काही झाले तर त्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल.